समोरच्या खिडकीतून

स्नेहलतागंजातलं आमचं घर समोरून तीस वर्षं सिमेंटच्याच रंगाचं होतं. बायको रंगाचा विषय काढायची. मी म्हणायचो, "आपण आत राहतो, बाहेरून बघायचंय कुणाला?"

उत्तर समोरच्या घरातून आलं. तिथले पवारसाहेब घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांची खाट खिडकीशी लागली. भेटायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "जेवत नाहीत, उठायचं नावच घेत नाहीत."

पवार म्हणाले, "भिया, डॉक्टर सांगतो मन प्रसन्न ठेवा. आणि दिवसभर समोर तुमची भिंत. कैसे होगा?"

मी निमूटपणे पेंटर आणला. रंग पवारांनी खाटेवरूनच ठरवला, पिवळा. कुंड्या कुठे टांगायच्या हेही खिडकीतून हातवारे करून त्यांनीच सांगितलं, आणि त्या नादात ते उठून बसायला लागले. बायकोला तीस वर्षांत जमलं नाही ते एका मोडक्या हाडाने करून दाखवलं. ती अजून त्यांच्याकडे शिरा पाठवते.

दोन महिन्यांनी पवार वॉकर घेऊन स्वतः रस्ता ओलांडून आले. पायरी चढवेना, म्हणून दारातच माझ्या वाचायच्या खुर्चीवर बसवलं. चहा हातात घेऊन ते आपल्या घराकडे बघतच राहिले.

"क्यों भिया, आमचं घर इथून असं दिसतं? तीस वर्षं कसं सहन केलंत?"

म्हटलं, "पवारसाहेब, तुमचे उपकारच आहेत. इथे बसलं की मान वर करावीशी वाटायची नाही, म्हणून तर माझं एवढं वाचन झालं."