नव्या गाडीतला जुना नकाशा

नव्या कोऱ्या गाडीत जुनाट नकाशा घालायचा आणि वर त्याला सुविधा म्हणायचं, ही सरळ फसवणूक आहे.

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी माझे गाईड सर आणि मी सरांच्या नव्या गाडीतून, पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंना आणायला सेक्टर २२मधल्या हॉटेलवर गेलो. परतताना मोहालीत गाडीतला नकाशाचा पडदा म्हणाला, उजवीकडे वळा. माझा फोन म्हणाला, आमची संस्था आहे त्या नॉलेज सिटीसाठी सरळ चला. सर उजवीकडे वळले.

"सर, आपण रोज सरळच जातो ना?"

"वैयक्तिक अनुभव हा पुरावा नसतो."

"पण फोनही तेच सांगतोय."

"फोनमध्ये कोणीही काहीही भरतं यार. हे कंपनीनं तपासून बसवलेलं असतं."

परीक्षेची वेळ झाली तेव्हा आम्ही खरड नावाच्या भलत्याच गावात होतो. पडद्यावर आमची गाडी मोकळ्या शेतातून चालली होती आणि बाहेर दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या इमारती उभ्या होत्या.

"आलोच आता," सर म्हणाले.

मागे माझा प्रबंध चाळत बसलेल्या बाईंनी आधी पडदा पाहिला, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि मला शांतपणे विचारलं, "यातले संदर्भही सरांनीच सुचवलेत का?"