खिंडीपलीकडचा बर्फ

किर्गिझस्तानातल्या काराकोलला मिनीबसच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते. भाऊ स्कीवाल्यांना डोंगरात नेणारा वाटाड्या. पाहुण्यांना फोनवर "खिंडीपलीकडचा बर्फ उत्तम आहे, उद्या याच" असं सांगून त्याने नुकताच फोन खिशात टाकला होता.

"एप्रिल संपत आला, मेदेर. काल त्याच उतारावरचा अख्खा बर्फ खाली आला."

"दुपारी आला, ताई. आम्ही पहाटे निघतो."

"तुझ्या पाहुण्यांचा नाश्ताच दुपारपर्यंत चालतो."

"मग काय, गावच्या स्की मैदानावर नेऊ? लिफ्टखाली नुसता चिखल झालाय."

"चिखलाखाली कुणी गाडलं गेल्याचं ऐकलं नाही मी."

"तू कधी स्कीवर उभी राहिलीस? मला नको शिकवू."

"नाही शिकवत. तुझ्या लेकीला, आयपेरीला, उद्या शाळेची सुट्टी आहे. तिलाही घेऊन जा."

"कुठे?"

"खिंडीपलीकडे. बर्फ उत्तम आहे ना?"

"तिला तू लिफ्टवरच ने."

"चिखल आहे तिथे."

"असू दे चिखल. पोरगी वर येणार नाही, सांगून ठेवतो."

"फोन दे इकडे. पाहुण्यांनाही हेच सांगते."

"चार्जिंग संपलंय."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"उचल. तेच असतील."