मोज्यांची टोपली

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या मंडळातले सर्वांत वडीलधारे सभासद आप्पा, व्यासपीठावरच्या उपाध्यक्षा, माझी ओळख करून देऊन नुकतेच खाली बसलेले कार्यवाह, समोरचे सगळे काका, काकू, दादा, वहिनी, आणि पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन परीक्षेला बसल्यासारख्या बसलेल्या माझ्या रविवारच्या विद्यार्थिनींनो, तुम्हां सर्वांना मनापासून नमस्कार.

मी निरोपाचं भाषण लिहून आणलं आहे. वर्गात मी कागद न बघता बोलते, पण तिथे भाषा परकी असते. आपल्या भाषेत बोलताना आवाजाचा भरवसा नाही, म्हणून हा कागद.

कार्यवाहांनी माझं फार कौतुक केलं. एका वाक्यात तर मला 'दोन संस्कृतींमधला पूल' केलं. ते ऐकताना, नक्की कोणाबद्दल चाललंय हे बघायला मी मागे वळणार होते. पूल होणं सोपं नसतं हो. सगळे त्याच्यावरून जातात आणि तो तिथल्या तिथेच राहतो.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील टेम्पो चालवतात. आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आहे. "जन्मभर पुस्तकं शिवली, उघडून वाचणारी एक तरी घरात निघाली," असं ती म्हणते. मी इकडे यायला निघाले तेव्हा वडिलांनी आळीभर सांगितलं, की आमची मुलगी साहेबाला इंग्रजी शिकवायला चालली आहे. मी म्हटलं, "बाबा, तिथे साहेब नाही. तिथल्या लोकांनाही इंग्रजी येत नाही, म्हणून तर मला बोलावलंय." ते म्हणाले, "एवढं बारीक कोण विचारतंय?"

तर साहेब नसलेल्या या देशात माझे दिवस कसे गेले?

आमची इंग्रजी शिकवणीची संस्था चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. वर्गांना काचेच्या भिंती. बाहेर बाकावर बसलेल्या पालकांना शिकवणारा माणूस सतत हसताना दिसला पाहिजे, असा नियम. सकाळी शाळकरी मुलं, संध्याकाळी कचेरीतून थेट आलेली, टाय सैल केलेली माणसं. धडा बहुतेक वेळा एकच: विमानतळावर एका गृहस्थाची बॅग हरवते आणि ती कुठे आहे हे त्याने नम्रपणे विचारायचं असतं. दोन वर्षं त्याची बॅग हरवतेच आहे. पहिल्यांदा मला त्याची दया यायची. नंतर वाटायला लागलं, बॅगेलाच याच्याबरोबर जायचं नसेल. संध्याकाळच्या वर्गात बँकेतले एक गृहस्थ डोळे उघडे ठेवून झोपायचे. मी त्यांना कधी उठवलं नाही. ही विद्या मलाच त्यांच्याकडून शिकायची होती.

घरी परतल्यावर माझा जबडा दुखायचा. बोलून नाही, हसून. माझ्या खोलीत राहणारी नर्सताई दिवसभर उभी राहून आलेली असायची. ती पायाला तेल लावायची आणि मी गालाला, एकाच बाटलीतून. ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा माझं बरं. माझ्याकडून कुणी हसण्याची अपेक्षा तरी करत नाही."

विषयांतर झालं. रविवारबद्दल सांगायचं होतं.

इथल्या लोकांची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्यांना येत नाही. दवाखान्यात, कचेरीत आपल्याशी सगळे मोडक्यातोडक्या इंग्रजीतून बोलतात. मुलांचं आणि सुनांचं त्यात निभावून जातं. पण त्यांच्याकडे राहायला आलेल्या आयांचं काय? म्हणून आपण रविवारचा वर्ग सुरू केला. मंडळाला हे सभागृह रविवारी मिळत नव्हतं, तेव्हा कार्यवाहांनीच त्यांच्या इमारतीच्या तळघरातली खोली मिळवून दिली. तिथे भिंतीला ओळीने कपडे धुण्याची यंत्रं आहेत. ती घरघरायला लागली की आम्ही आवाज चढवायचो. माझ्या सगळ्या विद्यार्थिनी इंग्रजी जरा भांडल्यासारखं बोलतात, त्याचं कारण हे आहे.

पहिल्याच रविवारी मी एका काकूंना त्यांचं नाव विचारलं. उत्तर साऱ्या खोलीने दिलं. मुलं किती, असं विचारलं तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "टू सन्स. धाकट्याचं लग्न व्हायचंय, कुणी असेल तर बघ." आपल्या माणसांची ही जुनी खोड आहे. पाहुण्यांना चहा विचारावा, तर त्यांची बायको सांगते, "हे घेत नाहीत." आणि ते बिचारे कपाकडे बघत बसतात. आपण हे वाईट मनाने करतो का? मुळीच नाही. प्रेमाने करतो. म्हणून तर ही खोड सुटत नाही.

मग मी वर्गाला एकच नियम घातला. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं नाही. यंत्रांमध्ये लोकांचे सुटे मोजे राहून जातात, ते टाकायला तिथे एक टोपली आहे. जी दुसरीचं उत्तर देईल, तिने त्या टोपलीतून एक जोडी जुळवायची, आणि जुळेपर्यंत गप्प बसायचं. पहिल्या महिन्यात त्या इमारतीतला एकही मोजा बेवारस राहिला नाही. पुढे कुणी मध्येच तोंड उघडलं, की बाकीच्या नुसतं "मोजे" म्हणायच्या.

आता ज्या काकूंबद्दल सांगणार आहे, त्या कार्यवाहांच्या आई. त्यांची परवानगी घेतली आहे. कार्यवाहांचीही घेतली आहे. ती त्यांनी स्वतः दिली, आईने नाही.

एका रविवारी काकू दवाखान्याची गोष्ट सांगायला लागल्या. "डॉक्टरांनी विचारलं काय होतंय. मी ह्याला सगळं रामायण सांगितलं. ह्याने दोन शब्दांत गुंडाळलं. इंग्रजी फारच काटकसरी दिसते गं."

"रामायण काय होतं काकू?"

"डावा हात मधूनच मेल्यासारखा होतो. कप सुटतो. सूनबाईला वाटतं, मी रागाने आपटते."

"मग मुलाला सांगा ना नीट."

"सांगितलं. तो म्हणतो, आई तू काळजी करू नकोस, मी बघतो. बघतो गं तो. पण हात माझा आहे ना."

काकूंना औषधाइतकीच आणखी एक गोष्ट हवी होती. आपण रागावलेलो नाही, हे कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. त्या दिवसापासून आम्ही रविवारच्या वर्गातून बॅगवाल्या गृहस्थाला रजा दिली. शेजारच्या मावशी डॉक्टर झाल्या आणि काकू पेशंट. मावशींना डॉक्टरकीची इतकी गोडी लागली, की त्या आम्हाला पथ्यपाणीही सांगू लागल्या. काकू अडखळायच्या, थांबायच्या. बाकीच्या ओठ दाबून बसायच्या. मदत न करणं एवढं अवघड असतं, हे मी तिथे पाहिलं.

पुढचं मला कार्यवाहांनीच सांगितलं. पुढच्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. सवयीप्रमाणे यांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मोजे." यांना आमचा नियम कुठला माहीत? यांना वाटलं, आईच्या पायांना थंडी वाजते आहे. हे खाली वाकून तिचे पाय बघायला लागले, आणि तेवढ्यात वर काकू बोलल्या. "डॉक्टर, माय हँड स्लीप. कप फॉल. आय नॉट अँग्री."

डॉक्टरांनी आपली खुर्ची मुलाकडून आईकडे वळवली. त्यानंतर ते काकूंशीच बोलले.

मानेतली नस दबली होती. उपचार चालू आहेत, हात बराच सुधारला आहे. घरी आल्यावर सूनबाईंनी काकूंना चहा दिला, तो स्टीलच्या पेल्यात. म्हणाल्या, "आई, आता खुशाल पडू दे."

माझ्या इथल्या दोन वर्षांत एवढं एकच वाक्य मला पुरेसं वाटतं. आय नॉट अँग्री. त्यात काय राहिलं आहे ते मला कळतं, पण दुरुस्त करायला हात उचलत नाही.

आता माझ्याबद्दल. कार्यवाह म्हणाले, की घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मी स्वखुशीने परत जाते आहे. माझा मान राखायला म्हणाले, हे मला समजतं. पण तसं नाही. तुम्ही मला आज फुलं दिलीत. नारळ मला संस्थेने आधीच दिला आहे. आमचे मॅनेजर भले गृहस्थ आहेत. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्रजी शिकवणारी बाई काचेतून जशी दिसावी असं पालकांना वाटतं, तशा तुम्ही दिसत नाही. मी त्यांच्यासमोर हसत होते. काचेची भिंत होती ना.

मी रागावले आहे का? हो. आणि थकले आहे. 'हे काही खरं नाही, तुला याहून चांगलं मिळेल' असं कार्यक्रमानंतर मला कुणी समजावू नका, ही विनंती. मिळेलही. आज मला माहीत नाही. माणसाला स्वतःच्या तोंडाने स्वतःचं दुखणं सांगता यावं, एवढ्यासाठी भाषा शिकवावी, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. अजूनही वाटतं. थकवा त्याच्या आड येत नाही, फक्त त्याच्या शेजारी येऊन बसतो.

घरी वडिलांनी आळीत सांगून ठेवलं आहे, की मुलगी मोठ्या रजेवर येते आहे. त्यांनीही माझं उत्तर प्रेमानेच दिलं आहे. ते मला न्यायला टेम्पो घेऊन येतील. मी पुढे त्यांच्या शेजारी बसेन आणि रस्त्यातच सांगेन, की बाबा, मला काढलं. काकूंनी दवाखान्यात जाण्याआधी तळघरात सराव केला होता. मी माझा आज तुमच्यासमोर केला.

पुढच्या रविवारी वर्ग कोण घेणार, ते ठरलेलं नाही. कुणाला घ्यावासा वाटला तर जरूर सांगा. फक्त दुसऱ्याचं नाव सुचवू नका, स्वतःचं सांगा. टोपलीची जबाबदारी मात्र काकूंनी घेतली आहे.

आप्पांचे, उपाध्यक्षांचे, तळघर सोसणाऱ्या इमारतीतल्या रहिवाशांचे आणि तुम्हां सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, तर घरचीच मुलगी समजून पोटात घाला.

आणि कार्यवाह, नियम सगळ्यांना सारखा असतो. माझं उत्तर तुम्ही दिलंत. जाताना तळघरात डोकावून जा. काकू वाट बघतील.