नवव्या ओळीतला शब्द

नाव दगडाबाई भगवान शिनगारे, वय ५४ वर्षे, धंदा कोथिंबीर-लिंबू विक्री, शाळा नाही, वाचता येते, रा. भाजी मंडईमागे, जुना मोंढा, जि. बीड.

समक्ष हजर राहून सांगते की, मी विधवा असून मंडईच्या चौकात वीस वर्षांपासून बसते. माझ्या जागेसमोर गटाराच्या चेंबरला झाकण नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच चेंबरमध्ये पडून माझे पती वारले. ते हमाल होते.

तेव्हा माझा जबाब याच ठाण्यात झाला. वाचून दाखवला, मी अंगठा दिला. पुढे मी पुड्या बांधायच्या रद्दीवरून अक्षरे शिकले. दोन वर्षांनी नक्कल काढून वाचली. त्यात 'मयत दारूच्या नशेत तोल जाऊन पडला' असे होते. मी तसे सांगितले नव्हते. ते तंबाखू खात. दारू पीत नव्हते.

झाकणासाठी मी सहा अर्ज दिले. पोचपावत्या जवळ आहेत. झाकण आले नाही, म्हणून चेंबरमध्ये बाभळीची फांदी रोवून तिला लाल चिंधी बांधली. सुकली की बदलत असे.

दि. १२ रोजी पुढारी येणार म्हणून सकाळी चौक झाडला. नऊच्या सुमारास बंदोबस्तावरचे शिपाई लखन मुळे यांनी फांदी उपटली. मी म्हणाले, "दादा, कावून काढायलाव? खाली भोक हाय." ते म्हणाले, "मावशी, साहेबाच्या गाडीला काटा लागला तर पंक्चर तू काढतीस का?" लोक हसले. मीही हसले. दुसरी फांदी आणायला उठले नाही. गिऱ्हाईक होते.

पाण्याची लाइन फुटून रस्त्यावर पाणी साचले होते. भोक दिसत नव्हते. साडेदहाला फळवाले दिलावर गाडा ढकलत आले. म्हणाले, "दगडाबाई, तुमचं झाड कुठं गेलं आज?" मी तोंड उघडेपर्यंत ते खाली गेले. गाडा वर राहिला. वीस मिनिटांनी काढले तेव्हा जीव नव्हता. पुढाऱ्याची गाडी दुसऱ्या रस्त्याने गेली.

हवालदार सोमेश्वर काळे यांनी हा जबाब पहिल्यांदा लिहून वाचून दाखवला तेव्हा बरोबर होता. मी कागद हातात मागितला. ते म्हणाले, "आता वाचला की. तुला काय कळतंय त्यातलं?" मी कागद ओढून घेऊन वाचला. नवव्या ओळीत 'सदर इसम दारूच्या नशेत असावा' असे होते. वाचून दाखवताना ते आले नव्हते.

दिलावर यांची पत्नी सायरा बाहेर बाकावर बसली आहे. तिला अक्षर येत नाही.

ती ओळ काढून कागद नव्याने लिहायला लावला. तो मी स्वतः वाचला, सायराला ऐकू जाईल असा मोठ्याने. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. अंगठा देत नाही. सही करते.