परसातला उतार

जवळा बाजारच्या स्टँडवर बसची वाट पाहता पाहता मंजुषाचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडं लागले. एकाच्या पायाशी सिमेंटचं पोतं होतं.

"रामजी, पुन्हा सिमेंट काहून?"

"नातीला, दीक्षाला, स्केटबोर्ड खेळायला मागच्या ओट्याला लागून उतार बांधला न्हाई का?"

"व्हय. झाला की तो."

"काय सांगू! मिस्त्रीनं सवयीनं त्याच्यावर आडव्या रेघा ओढल्या, ढोरं घसरू न्हाईत म्हणून. चाकंच अडकून राहिली."

"मग आता वरून गुळगुळीत करतो?"

"तेच करणार होतो. सकाळी पाहतो तं दीक्षाची आजी काठी टेकत त्याच्यावरून परसात उतरून राहिली. पाय मोडल्यापासून पायऱ्या जमत न्हाईत, घरातच होती."

"मग?"

"दीक्षा म्हणली, आबा, हा आजीला राहू द्या. माझा दुसरा बांधू."