चारशे जणांनी घेतलेलं नाव

नंदुरबार स्टेशनच्या बाकावर बेबीबाई आणि तिचा पुण्यात संशोधन करणारा भाचा ललित गाडीची वाट पाहत होते. मी शेजारीच.

“आत्या, माझ्या सिकलसेलवरच्या, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या लेखाचा चारशे जणांनी आपापल्या लेखात उल्लेख केलाय.”

“आहेरसारखं शे का? तू तेसनं नाव लिधं, म्हनीसन त्या तुन्हं लेतस?”

“थोडंफार तसंच. एकमेकांची नावं घ्यायची.”

“मन्ही पोर ममता, तिन्हं नाव लिधं का तू? गल्लीमा पहिलं रक्त तिनी दिधं.”

“रक्त देणाऱ्यांची नावं छापत नाहीत. नमुन्यावर नुसता नंबर असतो.”

“नको छापू. आते तिन्हं लगीन जमी ऱ्हायनं. तिन्हं रक्त कसं निंघनं, तेवढं सांग.”

“कोणता नमुना कोणाचा, ते आता मलाही कळत नाही, आत्या.”

“मंग त्या चारशेमाइन एखादाले इचार.”