पोटावरच्या रेघा

धाकटी : ताई, रेघा कुठायत?

ताई : कसल्या?

धाकटी : मघाशी डॉक्टरांनी तुला उभं करून पोटावर-छातीवर मार्करनं काढल्या त्या! इथून चरबी काढायची, तिथं बसवायची. अख्खा नकाशा होता.

ताई : धुतला. साबण लावून.

धाकटी : शाब्बास. तासाभरात ऑपरेशन, आणि बाईसाहेबांनी आंघोळ उरकली. आता ते अंदाजपंचे कापणार. छातीवर गुडघा बसवतील.

ताई : बसवू देत. माझे दोन्ही तसेही दुखतात.

धाकटी : गाठीपायी छातीची एक बाजू काढली, तेव्हापासून तूच म्हणतेयस ना, रिकामं रिकामं वाटतं? सिलिकॉन नको, पाठीचा स्नायू नको, पोटाचंच हवं. पोट कमी होऊ नये म्हणून फिरायला जाणं सोडलंस!

ताई : ते मी निमित्त मिळालं म्हणून सोडलं.

धाकटी : मग आता घाबरलीस?

ताई : छे. डॉक्टरांनी विचारलं, आकार पहिल्याएवढाच ठेवू ना? मी तोंड उघडलं आणि उत्तर ह्यांनी दिलं.

धाकटी : भावजींनी? काय म्हणाले?

ताई : ‘करतोच आहोत, तर थोडा मोठा करू.’

धाकटी : फ्रिज घेतानाही हेच म्हणाले होते.

ताई : आणि डॉक्टरांनी लगेच रेघ सरकवली. केमोच्या वेळी ‘तू जाऊन ये’ होतं. आता ‘करतोच आहोत’.

धाकटी : आहेत कुठे?

ताई : कॅन्टीनमध्ये. मला उपाशी ठेवलंय ना, माझ्या वाटचंही तेच खातायत.

(डॉक्टर आत येतात.)

डॉक्टर : अहो, रेघा कुणी पुसल्या?

धाकटी : घाम आला तिला. फार.

ताई : मी पुसल्या. परत काढा. लहान.

डॉक्टर : लहान? पण मिस्टर तर म्हणाले...

ताई : त्यांना हवं असेल, तर त्यांच्या पोटातून काढून त्यांना बसवा. माल भरपूर आहे.

डॉक्टर : मग पुढे दुसरी बाजूही कमी करावी लागेल. जुळायला हवं.

ताई : करा. तिलाही आजवर कुणी विचारलेलं नाही.

डॉक्टर : बरं. उभ्या राहा. किती लहान?

ताई : पालथं झोपता येईल एवढं. लग्नाआधी मी तशीच झोपायचे.